फेरीवाला धोरणावरची हरकत: ती कोण वाचतं, आणि कशी लिहिली तर टिकते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आई वीस-बावीस वर्षांपासून एसटी स्टँडसमोरच्या रस्त्यावर भाजी विकतात. नगरपरिषदेने पथविक्रीचा प्रारूप आराखडा जाहीर केला, त्यात तो रस्ता ‘ना फेरीवाला क्षेत्र’ दाखवलाय. हरकती-सूचनांना तीस दिवस दिलेत, त्यातले बारा संपले. संघटनेची माणसं छापील अर्जावर सह्या घेत फिरताहेत. अशा हरकतींचा खरंच काही उपयोग असतो का, की ठरलेलं असतं तेच होतं? आणि लिहायचीच तर कशी?

उपयोग असतो. छापील अर्जाचा मात्र फारसा नसतो, आणि याचं कारण कुणाच्या दुष्टपणात शोधू नका, ते कामाच्या पद्धतीत आहे. मी नोकरीत परवाना आणि अतिक्रमण या दोन्ही टेबलांवर बसलोय आणि निवृत्तीनंतर पथारीवाल्यांची कागदपत्रं बघतोय, तेव्हा हरकतीचा कागद कुठून कुठे जातो ते आधी सांगतो. बाकी सगळं त्यावरून आपोआप कळेल.

तुमचा अर्ज आवक विभागात जातो, शिक्का बसतो, नंबर पडतो. तिथून तो संबंधित लिपिकाकडे येतो. मुदत संपली की लिपिक एक तक्ता करायला घेतो. त्यात अनुक्रमांक, हरकतदाराचं नाव, हरकतीचा सारांश, कार्यालयाचा अभिप्राय आणि निर्णय असे रकाने असतात. सुनावणीला बसणारे मुख्याधिकारी किंवा समितीचे सदस्य तुमचा दोन पानी अर्ज वाचत नाहीत, त्यांच्यासमोर हा तक्ता असतो. म्हणजे तुमच्या आईंच्या वीस वर्षांचा जो काही निकाल लागायचा तो ‘सारांश’ नावाच्या दोन इंची रकान्यात लागतो, आणि तो रकाना भरतो चारशे अर्जांचा गठ्ठा उपसणारा एक वैतागलेला माणूस.

“आम्ही गोरगरीब लोक आहोत, आमच्या पोटावर पाय देऊ नये, सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा” असं लिहून आलं की रकान्यात चढतं ‘उपजीविकेबाबत विनंती’. अभिप्रायात येतं ‘धोरणात्मक बाब’. निर्णय ‘अमान्य’. तीन रकाने, पंधरा सेकंद. छापील अर्ज दोनशे आले तर ते दोनशे ओळी घेत नाहीत. ‘अ. क्र. 14 ते 213, एकसमान हरकत’ अशी एकच ओळ होते. संघटनेच्या अर्जावर सही जरूर करा, त्याने नुकसान काही नाही आणि वर्तमानपत्रात आकडा छापून येतो. पण आईंची स्वतंत्र हरकत वेगळी जाऊ द्या.

म्हणून पहिली युक्ती अगदी साधी: सारांश तुम्हीच लिहून द्या. ‘विषय’ या शब्दापुढे लोक ‘हरकत नोंदवणेबाबत’ असं लिहून मोकळे होतात. तिथे एका वाक्यात रस्ता, प्रारूपातला अनुक्रमांक, मागणी आणि कायद्यातलं कारण हे चारही येऊ द्या. समजा तुमचा रस्ता प्रारूपाच्या यादीत नवव्या क्रमांकावर आहे. मग विषय असा लिहा: ‘प्रारूप यादी अ. क्र. 9, एसटी स्टँडसमोरील रस्ता ना फेरीवाला घोषित करण्यास हरकत. नैसर्गिक बाजार असल्याने पथविक्रेता अधिनियम 2014, पहिली अनुसूची, परिच्छेद 3 नुसार प्रतिबंध. पर्यायी सूचना सोबत.’ (‘नैसर्गिक बाजार’ म्हणजे विक्रेते आणि गिऱ्हाईक वर्षानुवर्षं आपसूक जमत आले ती जागा.) लिपिक विषयाचं हे वाक्य जसंच्या तसं उतरवतो, कारण त्यालाही ते सोपं पडतं. आणि रकान्यात कायद्याचं कलम एकदा चढलं की शेजारच्या रकान्यात ‘धोरणात्मक बाब’ लिहून भागत नाही. कलमाला उत्तर द्यावं लागतं.

आता कायद्याकडे येऊ. तो तुमच्या बाजूने जितका आहे तितका बहुतेकांना माहीतच नसतो, अधिकाऱ्यांनाही नसतो. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचं संरक्षण आणि पथविक्रीचं नियमन करणारा केंद्राचा अधिनियम 1 मे 2014 पासून लागू आहे. त्याखाली महाराष्ट्राचे नियम 2016 मध्ये आणि योजना 2017 मध्ये आली. नगरपालिकेच्या कायद्यात आणि या अधिनियमात विसंगती असेल तर हा अधिनियम वरचढ ठरतो. कलमं चाळीसच्या आत आहेत, एका संध्याकाळी वाचून होतात. पण खरा जीव शेवटी जोडलेल्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि तिथपर्यंत फारसं कुणी पोचत नाही.

त्या अनुसूचीच्या तिसऱ्या परिच्छेदात ना फेरीवाला क्षेत्र कसं ठरवायचं याच्या अटी आहेत. चालू बाजार किंवा सर्वेक्षणात आढळलेला नैसर्गिक बाजार ना फेरीवाला क्षेत्र करता येत नाही. ठरवायचंच तर कमीत कमी विक्रेते विस्थापित होतील अशा रीतीने ठरवावं लागतं. गर्दी होते एवढ्या कारणाने करता येत नाही. फार तर तिथे नवी विक्री प्रमाणपत्रं, म्हणजे पथविक्रीचे परवाने, देण्यावर बंधन घालता येतं. अस्वच्छतेच्या कारणानेही करता येत नाही, जोवर ती अस्वच्छता केवळ विक्रेत्यांमुळेच आहे आणि पालिकेने आपलं काम करूनही सुटत नाही असं दाखवलं जात नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सर्वेक्षण आणि आराखडा झाल्याशिवाय कुठलंही क्षेत्र ना फेरीवाला घोषित करता येत नाही.

आता तुमच्या नोटिशीतलं कारण काढून या अटींशेजारी ठेवा. ‘सदर रस्त्यावर वाहतुकीस अडथळा व अस्वच्छता होत असल्याने’ असंच काहीसं असणार. मी पाहिलेल्या बहुतेक प्रारूपांत हेच एक वाक्य प्रत्येक रस्त्यापुढे चिकटवलेलं असतं. वाहतुकीचं कारण पूर्ण निकामी नाही, त्याकडे पुढे येतो. अस्वच्छतेचं मात्र जवळजवळ निकामी आहे, कारण ज्या रस्त्यावर घंटागाडी दिवसाआड येते तिथली घाण ‘केवळ विक्रेत्यांमुळे’ आहे हे कुठली नगरपरिषद सिद्ध करणार?

यानंतर मुळाचा प्रश्न: सर्वेक्षण झालं का, आणि आईंचं नाव त्यात आहे का? कलम 3 प्रमाणे दर पाच वर्षांतून किमान एकदा सगळ्या पथविक्रेत्यांचं सर्वेक्षण व्हायला हवं, आणि ते पूर्ण होऊन प्रमाणपत्रं देईपर्यंत कुणाला उठवता किंवा हलवता येत नाही. नाव आहे की नाही हे शोधायची एक आडवाट सांगतो. आईंनी पीएम स्वनिधीचं, म्हणजे पथविक्रेत्यांसाठीच्या केंद्राच्या योजनेचं, दहा हजारांचं कर्ज घेतलं होतं असं तुम्ही लिहिलंय. त्या अर्जाची पावती काढा. 2020 मध्ये योजना आली तेव्हा अर्जदारांचे चार गट केले होते. प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र असलेले ‘अ’, सर्वेक्षणात नाव आहे पण प्रमाणपत्र नाही ते ‘ब’, सर्वेक्षणातून सुटलेले किंवा नंतर धंदा सुरू केलेले ‘क’, आणि आसपासच्या गावांतून येऊन शहरात विकणारे ‘ड’. क आणि ड गटाला पालिकेचं शिफारसपत्र लागायचं. आई ब गटात असतील तर सर्वेक्षणात नाव असल्याचं पालिकेनेच मान्य केलेलं आहे, मुद्दा संपला. क गटात असतील तरी ते शिफारसपत्र म्हणजे ‘ही बाई इथे विक्री करते’ असा पालिकेच्या सहीचा कागद आहे. ते प्रमाणपत्र नव्हे, त्यावर जागेचा हक्क सांगू नका. पुरावा म्हणून लावा.

दुसरा पुरावा बाजार फीच्या पावत्यांचा. रोज सकाळी ठेकेदाराचा माणूस दहा-वीस रुपयांची पावती फाडून देतो, बायका ती पदराच्या गाठीत बांधतात आणि रात्री चुलीत जाते. गल्ल्याच्या डब्यात, देवघरात, जुन्या पिशव्यांत शोधलं तर काही तरी सापडतंच. वर्षाला एक-दोन मिळाल्या तरी पुरे. पुस्तक क्रमांक, तारीख आणि ठेकेदाराचा शिक्का दिसेल अशी झेरॉक्स काढा; जुन्या पावत्यांची शाई उडते, म्हणून मोबाईलवर फोटो आधी घ्या. बऱ्याच पावत्यांच्या मागे ‘या पावतीने जागेवर कोणताही हक्क प्राप्त होत नाही’ असं छापलेलं असतं. असू द्या. आपण हक्क सांगत नसून बाजार किती जुना आहे ते सांगतोय, आणि पालिकेने जिथे वर्षानुवर्षं बाजार फी वसूल केली तिथे बाजार नव्हता असं तिला म्हणता येत नाही.

याच कामासाठी आसपासच्या दहा-बारा जणी एकत्र बसा. प्रत्येकीची हरकत वेगळी लिहा, प्रत्येकीची जागा, वर्षं आणि पुरावा वेगळा. एक फुलवाली म्हणेल 1998 पासून, दुसरीकडे जुन्या गणपतीतला एखादा फोटो असेल ज्यात मागे तिची पाटी दिसते. अशा बारा हरकती तक्त्यात बारा ओळी घेतात, आणि बाराही ओळी वाचल्यावर सुनावणीला बसलेल्या माणसाच्या डोक्यात एकच चित्र तयार होतं: इथे जुना बाजार आहे. दोनशे सह्यांनी ते होत नाही.

पुढचा मुद्दा समितीचा. आराखडा नगर पथविक्रेता समितीच्या शिफारशीवरून करायचा असतो. तिचे अध्यक्ष मुख्याधिकारी असतात. वाहतूक पोलीस, नियोजन प्राधिकरण, पालिकेचे वैद्यकीय अधिकारी, व्यापारी, रहिवासी संघ, बँका यांचे प्रतिनिधी असतात. पण किमान चाळीस टक्के सदस्य पथविक्रेत्यांनी आपल्यातून निवडून दिलेले असायला हवेत, त्यात एक तृतीयांश महिला. निवडून दिलेले, नेमलेले नव्हेत. मुंबईचं उदाहरण बघा. 2014 च्या सर्वेक्षणात सुमारे 99 हजार फेरीवाल्यांची नोंद झाली, मतदार म्हणून पात्र ठरले 32,415, आणि समितीची निवडणूक व्हायला 29 ऑगस्ट 2024 उजाडला. देशातल्या सगळ्यात श्रीमंत महापालिकेला दहा वर्षं लागली, तर तुमच्या गावात काय झालं असेल याचा अंदाज करा. तुमच्याकडे निवडणूक झाल्याचं कुणाला आठवत नसेल, तर हरकतीत सरळ विचारा: समितीची रचना कोणत्या आदेशाने झाली, विक्रेत्यांचे प्रतिनिधी कधी निवडून आले, आणि या रस्त्याबाबतची शिफारस कोणत्या तारखेच्या बैठकीत झाली? या तीन प्रश्नांची उत्तरं फायलीत नसली की टेबलाच्या पलीकडची बाजू सावध होते. उद्या प्रकरण उच्च न्यायालयात गेलं तर पहिला प्रश्न तोच येणार, हे मुख्याधिकाऱ्यांना कळतं.

इथे माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचा मोह होईल. टाका, पण त्यावर विसंबू नका. उत्तराला तीस दिवस, तुमच्या हातात अठरा. उत्तर येईल तेव्हा मुदत संपलेली असेल. त्याऐवजी सर्वेक्षणाची यादी आणि समितीची इतिवृत्तं बघायला द्यावीत असा साधा अर्ज करून, पोच घेऊन, प्रत्यक्ष कार्यालयात जा. बघू दिलं तर उत्तम. नाही दिलं तर ‘अमुक तारखेला मागणी करूनही कागदपत्रे दाखवली नाहीत, त्यामुळे पूरक हरकत सादर करण्याचा हक्क राखून ठेवत आहे’ हे वाक्य हरकतीत घाला. प्रारूप ‘कार्यालयीन वेळेत पाहण्यास उपलब्ध’ असं नोटिशीत लिहितात, आणि कार्यालयीन वेळेत बाजार उठवून बघायला जाणं कुठल्या भाजीवालीला परवडतं? मला ही तरतूद कायम चीड आणणारी वाटत आलीय. नकाशा बाजारातच एक दिवस लावला तर काय बिघडतं? तशी सूचनाही लेखी करा.

आता वाहतूक, म्हणजे त्यांची खरी बाजू. एसटी स्टँडच्या तोंडाशी बस वळताना हातगाड्या आडव्या येत असतील तर ते खोटं नाही, आणि ते नाकारणाऱ्या हरकतीवर कुणी विश्वास ठेवत नाही. तिथे टेप घेऊन जा. सकाळी साडेसहाच्या आत, पाट्या लागायच्या आधी. फूटपाथ कडेपासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत किती, मध्ये विजेचा खांब आणि झाडाचं आळं किती जागा खातं, डीपीचा बॉक्स कुठे आहे, सगळं मोजा. पादचाऱ्यांसाठी इंडियन रोड काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांत किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. फूटपाथ तीन मीटरचा असेल तर भिंतीला लागून एक मीटरची पाटी बसल्यावरही दोन मीटर वाट राहते. हे मोजमाप वहीच्या पानावर हाताने काढलेल्या नकाशासकट जोडा. इंजिनीअरचा नकाशा लागत नाही. पालिकेच्या इंजिनीअरने तो रस्ता बहुधा मोजलेलाच नसतो, आणि सुनावणीत मापं असलेला एकमेव कागद तुमचा ठरतो.

अधिकारी कधी कधी अंतराचा नियम सांगतात, ‘शंभर मीटर, दीडशे मीटर’. तो कुठून आला ते माहीत असू द्या. डिसेंबर 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या फेरीवाल्यांच्या प्रकरणात धार्मिक स्थळं, शाळा-कॉलेजं आणि दवाखान्यांपासून शंभर मीटर, तर मंडई आणि रेल्वे स्टेशनपासून दीडशे मीटर अशी अट घातली होती. पूजेचं साहित्य विकणाऱ्यांना देवळापाशी सूट होती. सप्टेंबर 2017 ची एल्फिन्स्टन रोड पुलावरची चेंगराचेंगरी झाली आणि त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला मुंबई उच्च न्यायालयाने ही अंतरं पुन्हा अधोरेखित केली. या यादीत एसटी स्टँड नाही. तरी कुणी स्टँडला स्टेशनचा नियम लावत असेल तर ‘कोणत्या आदेशाचा आधार?’ असं नम्रपणे विचारा आणि उत्तर लिहून घ्या. मात्र तुमची जागा शाळेच्या फाटकाला किंवा दवाखान्याला लागून असेल तर हा मुद्दा स्वतःहून काढू नका.

नोटिशीत शब्द ‘हरकती व सूचना’ असा असतो, लोक फक्त हरकती देतात. माझ्या मते निम्मा खेळ सूचनेत आहे. सुनावणीला बसलेला अधिकारी पूर्ण ‘मान्य’ क्वचितच लिहितो, कारण त्याला वर उत्तर द्यायचं असतं. ‘अंशतः मान्य’ लिहायला त्याला आवडतं, त्यात दोन्ही बाजूंचं समाधान दिसतं. तेव्हा तुमचं लक्ष्य ‘अंशतः मान्य’ हेच ठेवा आणि त्याला लागणारा मजकूर तयार करून द्या. कायद्यात तीन प्रकारची क्षेत्रं आहेत: निर्बंधमुक्त, निर्बंधित आणि ना फेरीवाला. मागणी अशी करा की हा रस्ता ना फेरीवालाऐवजी निर्बंधित ठेवावा. बस वळते त्या फाटकाच्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा मीटर जागा आम्ही स्वतः मोकळी सोडतो. विक्री सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी चार ते नऊ. पांढऱ्या पट्ट्यांनी चौकोन आखून द्यावेत, चौकोनाबाहेर पाटी आली तर दंड करावा. कायद्यात वेळ वाटून घेऊन विक्री करण्याची सोय आहेच. असा कागद समोर असला की अधिकाऱ्याला डोकं चालवायचं उरत नाही, फक्त सही करायची उरते.

प्रारूपात पर्यायी जागा कुठली दिलीय ते तुम्ही लिहिलं नाही. बहुतेक वेळा ती मटण मार्केटच्या मागे, जुन्या जकात नाक्यावर किंवा ओढ्याकाठी असते, जिथे गिऱ्हाईक वाट चुकलं तरच येतं. ‘ती जागा लांब आहे’ असं लिहू नका. आराखडा नैसर्गिक बाजारांशी सुसंगत असावा ही पहिल्या अनुसूचीचीच अपेक्षा आहे, आणि एखाद्या क्षेत्रात जागेपेक्षा विक्रेते जास्त झाले तर सोडत काढून उरलेल्यांना लगतच्या क्षेत्रात सामावून घ्यायचं असतं. ‘लगतच्या’ या शब्दावर बोट ठेवा. अडीच टक्क्यांचा आकडाही तुमच्यासमोर येईल. शहराच्या किंवा प्रभागाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्के एवढ्या विक्रेत्यांना सामावून घेण्याचा निकष कायद्यात आहे. साठ हजार वस्तीच्या गावात म्हणजे पंधराशे. प्रारूपात एकूण किती जागा दाखवल्यात ते मोजा. बहुतेक नगरपरिषदा या आकड्याच्या जवळपासही जात नाहीत, तेव्हा ‘जागाच नाही’ हे कारण पुढे आलं की हा हिशेब मांडा.

तुम्ही बँकेत नोकरीला आहात म्हणून आईंचं प्रमाणपत्र अडेल का, असंही विचारलंत. अडत नाही. उपजीविकेचं दुसरं साधन नसल्याचं आणि धंदा स्वतः किंवा घरच्या माणसामार्फत करत असल्याचं हमीपत्र विक्रेत्याने स्वतःपुरतं द्यायचं असतं. पाटीची जागा भाड्याने दिलेली मात्र चालत नाही, आणि तुमच्या रांगेत तसं कुणी करत असेल तर त्याला तुमच्या हरकतींच्या गठ्ठ्यात घेऊ नका. एक पोटभाडेकरू निघाला की पूर्ण रांगेवर शंका घेतात.

तुमच्या प्रश्नाखाली एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलंय की रहिवाशांनी हरकत घ्यायची तर कशी. त्यांनाही तोच कायदा लागू आहे. ‘गर्दी होते, घाण होते, सोसायटीची शान जाते’ हे तक्त्यात भाजीवालीच्या ‘पोटावर पाय’ इतकंच पोकळ ठरतं. रुग्णवाहिका आत वळायला किती मीटर लागतात, फूटपाथवर प्रत्यक्ष किती वाट उरते, कुठल्या वेळेला अडतं, हे मोजून लिहा आणि कुठली पाच-सहा मीटर जागा मोकळी हवी ते नेमकं सांगा. मुंबईत 2018 च्या जानेवारीत पालिकेने सुमारे 85 हजार जागांची यादी हरकतींसाठी खुली केली तेव्हा गल्लोगल्लीचा सूर एकच होता, ‘आमच्या दाराशी नको’. सगळ्यांनीच तसं म्हटलं की प्रशासन सगळ्यांचंच बाजूला ठेवतं. आणि खरं सांगू का, संध्याकाळी सातला कोथिंबिरीची जुडी आणायला लिफ्टने उतरून जाता येतं ते याच रांगेमुळे. सुनावणीच्या आधी दोन्ही बाजूंनी एकदा चहा घेऊन ती पाच मीटर ठरवली आणि संयुक्त सूचना दिली, तर ती नाकारायला अधिकाऱ्याकडे कारणच उरत नाही. असं घडतं, पण फार कमी ठिकाणी.

हरकत द्यायला स्वतः जा. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि घेणाऱ्याची सही घ्या. ‘साहेब नाहीत, ठेवून जा’ म्हणाले तर त्याच दिवशी पोस्टाने पाठवा. रजिस्टर पोस्ट 2025 पासून स्पीड पोस्टमध्येच विलीन झालंय, तेव्हा पोचपावतीसह स्पीड पोस्ट म्हणा. शेवटच्या दिवसाची वाट बघू नका, त्या दिवशी आवकच्या खिडकीवर हमखास गर्दी किंवा हमखास सुट्टी असते. एक प्रत प्रभागाच्या नगरसेवकाला द्या. कित्येक वर्षं प्रशासकच कारभार बघत होते तेव्हा हा दरवाजा बंद होता. डिसेंबर 2025 मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या, आता निवडून आलेल्या माणसाला विचारता येतं.

सुनावणीचं पत्र येईल. बोलायला प्रत्येकी दोन-तीन मिनिटं मिळतात, बऱ्याचदा तीही नाहीत. तिथे आईंनी स्वतः बोलावं, तुम्ही शेजारी कागद धरून बसा. बँकेतल्या मुलीपेक्षा भाजीवालीचं दोन वाक्यांतलं म्हणणं लवकर पोचतं: “साहेब, मी अमुक सालापासून या जागेवर आहे, ही पावती. बसला अडचण होते तेवढी जागा आम्ही सोडतो, हा नकाशा.” एवढंच. कुणाला किती हप्ता जातो ते या बैठकीत काढू नका. ती वेगळी तक्रार आहे आणि त्यासाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 क्रमांक आहे. सुनावणीत तो विषय निघाला की तक्त्यात ‘आरोप केले’ एवढंच चढतं आणि मूळ हरकत बाजूला पडते. निघताना हजेरीवर सही केल्याची खात्री करा आणि इतिवृत्ताची प्रत मिळावी असा चार ओळींचा अर्ज तिथेच देऊन या.

प्रारूप हरकतींनंतर लगेच अंतिम होत नाही, तो शासनाच्या मान्यतेला जातो. त्या मधल्या काळात अतिक्रमणची गाडी आली तर घाबरू नका. हलवायचं किंवा उठवायचं असेल तर कलम 18 प्रमाणे तीस दिवसांची नोटीस लागते. माल उचललाच तर जागेवर सहीची यादी मागा. नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच आणि बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत सोडायचा असतो. भाजी नाशवंत आहे, तेव्हा मागणीचा अर्ज त्याच दुपारी गेला पाहिजे. नाव, जागा, मालाची यादी आणि सही एवढाच मजकूर लागतो. तो कोरा ठेवून चार प्रती आईंच्या गल्ल्यात आजच टाका.